आधी पावडर, मग मोती

भाचीच्या लग्नात सगळ्यांसमोर ओरडले ती मी एकटीच. वरात दारात यायची वेळ झालेली. वधूच्या खोलीतला पंखा बंद, कारण केसांची एक बटही हलता कामा नये, आणि त्या कोंदट उकाड्यात मोगरा, इस्त्रीची वाफ आणि कुणीतरी नुकताच खाल्लेला बटाटेवडा यांचा मिळून एक वास भरून राहिलेला. नऊवारी नेसून झाली होती, खोपा घातला होता, गळ्यात मोत्यांच्या सरांचा तन्मणी होता. मेकअप करणाऱ्या मुलीनं एक उंच बाटली उचलली, खळखळ हलवली आणि नवरीला म्हणाली, "डोळे मिट." मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ताम्हण पुसत होते. "अगं थांब, थांब! आधी तो तन्मणी काढ!" माझा आवाज असा काही चढला की बाहेर रुखवत मांडणाऱ्या बायका आत डोकावल्या. तोवर फवारा सुटला होता. चेहऱ्यावरून उतरत ते बारीक तुषार गळ्यावर, खांद्यावर आणि तन्मणीच्या सरांवर बसले. मी पर्समधला मऊ रुमाल ओला केला, घट्ट पिळला आणि बोहल्यावर चढायला निघालेल्या मुलीच्या गळ्याशी वाकून एकेक सर टिपत बसले. मेकअपवाली माझ्याकडे बघत होती ती नजर मी अजून विसरलेले नाही. भाची मात्र हसत होती. हसता हसता म्हणाली, "आत्या, तुला माझी काळजी आहे की तन्मणीची?"

खोलीतल्या सगळ्या हसल्या, मीही हसले. "दोघींची गं," असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तन्मणी तो असतो, हेही तेव्हा सुचलं नाही. पण मंगलाष्टकं चालू असताना, अक्षता टाकताना, अगदी पंगतीत मठ्ठा पितानासुद्धा तो प्रश्न आतल्या आत फिरत राहिला. कारण त्या क्षणी मला खरोखर तन्मणीच दिसला होता. पानिपतानंतर आलेल्या त्या पत्रात माणसांना मोती म्हटलं होतं. आमच्याकडे उलटं, मोत्यांनाच माणसांसारखं वागवतात. यांना हे सोसत नाही, यांना तिथे ठेवू नका, यांना जरा पडू द्या.

आणि खरंच त्यांना फार काही सोसत नाही. हिरा, माणिक, पाचू यांच्या पंगतीला बसवला तरी मोती हा दगड नव्हे. शिंपल्यातल्या जिवानं आत शिरलेल्या उपऱ्याला गुंडाळून टाकण्यासाठी चढवलेले ते थर आहेत. कॅल्शियम कार्बोनेटचे पापुद्रे, त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारं प्रथिन आणि अगदी थोडं पाणी. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे हे थर एकावर एक चढत जातात, फक्त इथे एकेक पापुद्रा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. उजेड त्यांच्यात शिरतो, अडखळतो, परत फिरतो, आणि आपण म्हणतो, काय पाणीदार मोती आहे! एवढ्या नाजूक बांधणीला लिंबू, चिंच, व्हिनेगर हे तर उघड वैरी. पण आपला घामही आंबटच. परफ्यूम आणि हेअरस्प्रेमधलं अल्कोहोल ते प्रथिन कोरडं पाडतं, आणि वर उरणारा चिकट लेप धूळ धरून ठेवतो. धुळीचंही एक वेगळंच प्रकरण आहे. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मोजपट्टीवर हिरा १०, तर मोती जेमतेम २.५ ते ४.५. घरातल्या धुळीत वाळूचे जे कण असतात ते ७. म्हणजे धूळ बसलेला मोती कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसायला घेतला की आपण त्याला ओरखडतच असतो. वैद्य तर मोती गुलाबपाण्यात खलून खलून त्याची पिष्टी करतात. जे खलात घालून औषध होतं ते आपण दागिना म्हणून अंगाखांद्यावर वागवतो, असा हा सगळा मामला.

हे सगळं मला नंतर कळलं. आमच्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण तिचे नियम होते. तन्मणी तिच्या माहेरचा. हळदीकुंकवाला जायचं म्हटलं की आधी अंघोळ, मग वेणी, मग पावडर, मग लुगडं, मग कुंकू, आणि हे सगळं होऊन दोन मिनिटं बसल्यावर, घाम सुकल्यावर, मोती. परत आली की चपला काढल्यावर पहिलं काम तन्मणी उतरवायचं, पाणी प्यायचं ते नंतर. अत्तराचा फाया पुढे आला की ती हाताची मागची बाजू पुढे करायची. गळ्याला, कानामागे कुणाला लावू द्यायची नाही. आणि गुलाबदाणी! समोरची बाई गुलाबदाणी घेऊन आली की आजी उजव्या हातानं पदर असा काही गळ्याभोवती ओढून घ्यायची की बघणाऱ्याला वाटावं, काय मर्यादशील बाई आहे. मर्यादा वगैरे काही नव्हती, पदराआडून मोती वाचवणं चाललं होतं. लहानपणी मी तिच्या मांडीशी बसून हे बघितलंय. गुलाबपाण्याचे थेंब तिच्या पदरावर पडायचे, थंडगार, आणि ती गालातल्या गालात हसायची.

रात्री आजोबांच्या जुन्या मलमली धोतराचा तुकडा यायचा. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन तो इतका मऊ झाला होता की हातात घेतला तर वजन लागायचं नाही. त्याचं एक टोक पाण्यात बुडवून पिळायचं, त्यानं सर टिपायचे, मग कोरड्या टोकानं पुन्हा. चोळायचं नाही. मग पाटावर पंचा अंथरून त्यावर तन्मणी आडवा. खुंटीला कधीही टांगायचा नाही, दोरा ताणतो. रात्रभर तसाच पडू द्यायचा. सकाळी दोरा कोरडा झाला की नाही हे ओठांना लावून बघायची. ओला दोरा बोटांना कळत नाही, ओठांना कळतो, असं तिचं म्हणणं. मग मलमलीत गुंडाळून लाकडी पेटीत, गोठ-पाटल्यांपासून लांब, स्वतंत्र खणात. "सोनं दांडगं असतं," म्हणायची. त्या खणात ती तांदळाचे चार दाणेही टाकायची, लक्ष्मी म्हणून. तेवढं एक मात्र मोत्यांच्या बाजूचं नव्हतं. तांदूळ ओल शोषून घेतात आणि मोत्याला थोडी ओल हवीच असते. पण चार दाण्यांनी काय होणार? राहू देत.

आजीच्या उलट टोकाला आमच्या शेजारच्या वहिनी. कमालीच्या स्वच्छ बाई. त्यांच्या घरातल्या नळाच्या तोट्यासुद्धा चकाकायच्या. त्यांनी एका दिवाळीत चांदीची भांडी घासता घासता कानातल्या मोत्याच्या कुड्याही त्याच दंतमंजनानं, त्याच जुन्या टूथब्रशनं घासल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांना दाखवल्या, बघा कशा निघाल्या! निघाल्या होत्याच, पांढऱ्याशुभ्र. पण तो पांढरेपणा वेगळा होता. आधी त्या कुड्यांत खिडकी दिसायची. नीट पाहिलं तर मधल्या मोत्यात खिडकीचे गज मोजता यायचे. आता त्यात काहीच दिसत नव्हतं. सहा मोत्यांच्या कड्यात बसलेला सातवा मोती आंधळा झाला होता. वहिनींना ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि आमच्यातल्या कुणी त्यांना सांगितलं नाही. खाण्याचा सोडा, लिंबाची फोड, टूथपेस्ट, चांदी उजळायचं द्रावण, असले उपाय आता मोबाइलवर रोज येतात आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी मोती पांढरे झालेले दाखवतात. मला दर वेळी त्या कुड्या आठवतात. सराफाकडचं ते कंपनांनी दागिने धुणारं मशीनही सोन्याला ठीक, मोत्याला नको. तिथे कुणी आपण होऊन विचारत नाही, आपणच सांगावं लागतं.

लग्न पार पडल्यावर तन्मणी गाठवायला टाकायचं माझ्याकडे आलं. माझ्या भावाची बायको, आमची वहिनी, म्हणाली, तुम्हालाच त्यातलं कळतं. यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मी मोजत बसले नाही. पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आसपासच्या एका बोळात पटवेकरी, म्हणजे दागिने रेशमात गाठवून देणारे कारागीर, बसतात. दुकान म्हणजे एक गादी, एक दिवा, मागे रंगीत रेशमाच्या लडी आणि गोंडे. पायाच्या अंगठ्याला रेशमाचा पेड अडकवून, पाय लांब करून पटवेकरी काका काम करत होते. मी डबा उघडला. तन्मणीबरोबर पेटीतली जुनी नथही होती. तीही दाखवून घ्यावी म्हणून नेलेली. काकांनी तन्मणी हातात घेतला, कानाशी नेला आणि हलकेच हलवला. मोती दोऱ्यावर सैल वाजले. "दोरा संपलाय," एवढंच बोलून त्यांनी कात्री घेतली.

दोरा कापतानाचा तो क्षण मला बघवत नाही. पण कापल्यावर जे दिसलं ते मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. काकांनी सरातले मोती ओळ न मोडता निळ्या मखमलीवर उतरवले. दोरा बाहेर आला तो मुळात पांढरा होता हे सांगूनही खरं वाटलं नसतं. तेल, घाम, पावडर, कुंकू, सगळं भोकांतून आत शिरून दोऱ्यात मुरलेलं. मागे बांधायचा रेशमी गोफ तर कडक झाला होता. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. खोडाजवळचे, म्हणजे मधल्या पदकाशेजारचे मोती अजून छान होते, किंचित पिवळसर, सायीच्या रंगाचे. पण सरांच्या टोकांकडचे, मानेच्या बाजूंना टेकणारे मोती गोल राहिलेच नव्हते. कातडीला लागणारी बाजू झिजून सपाट झाली होती, मधे तेवढे फुगीर राहिले होते. भिंगाखाली त्या सपाट भागावर थरांच्या कडा दिसत होत्या, एकात एक, वेड्यावाकड्या.

"हे कुणाच्या तरी मानेनं खाल्लेत," काका म्हणाले.

मग त्यांनी नथ उचलली. ती दिव्याखाली फिरवली, जरा जवळ, जरा लांब. सोन्याच्या तारेत ओवलेले मोती पांढरे फटक होते. झीज नाही, डाग नाही, एकूण एक मोती गोल. पण कोरडे. खालच्या मोठ्या मोत्याला केसाएवढी चीर. "आणि हिला कुणी घातलीच नाही," म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू ती मीच लपवून ठेवली होती.

दोन्ही दागिने बसऱ्याचेच, असं त्यांनी सांगितलं. आमच्या घरात हा शब्द असा उच्चारला जायचा की लहानपणी मला वाटायचं बसरा हे कुठल्यातरी राजकन्येचं नाव असावं. ते इराकमधलं बंदर. मोती निघायचे ते खाली आखातात, बहारीन-कुवेतच्या बाजूला, आणि विकायला यायचे ते मुंबईला. तिथे ते विंधले जायचे, प्रतवारी लागायची आणि मग पुण्या-बडोद्याकडे सुटायचे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तर मोत्यांचा अख्खा गालिचाच करवून घेतला, लाखो बारीक बसरा मोत्यांचा. तो २००९ मध्ये दोह्याला लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना गेला; म्हणजे मोती फिरून पुन्हा आखाताच्या काठालाच पोचले. पण हे सगळं वर काढणारा माणूस कोण? उन्हाळ्यातले चार महिने होडीवर राहणारा, कर्जात बुडालेला पाणबुड्या. पायाला दगड बांधून तो खाली उतरायचा, आणि नाकात पाणी जाऊ नये म्हणून नाकाला चिमटा लावायचा. कासवाच्या पाठीचा किंवा शिंगाचा. त्याच्या नाकावरच्या चिमट्यापासून आमच्या पणजीच्या नाकातल्या नथीपर्यंत केवढा प्रवास झाला असेल! तिकडे जपानात मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मुद्दाम कण घालून अर्धगोल मोती पिकवून दाखवला, १९२०च्या दशकात गोल कल्चर मोती बाजारात आले, मग मंदी आली, आणि आखातातला तो धंदा काही वर्षांत बसला. १९३२ मध्ये बहारीनला तेल लागलं. होड्या किनाऱ्याला लागल्या त्या लागल्याच. आजीच्या माहेरी तन्मणी घडला तो याच्या आधी, आणि नथ त्याच्याही आधी.

नथ पणजीची. ती लग्नात घातली, पहिल्या मंगळागौरीला घातली आणि मग फारशी घातलीच नाही, कारण पणजोबा प्लेगात गेले. तेव्हाच्या बाईकडून त्यानंतर काय काय उतरवून घ्यायचे ते मी इथे लिहायची गरज नाही. नथ पेटीत गेली. पुढे आजी सून म्हणून आली तेव्हा ती निघायला हवी होती. पण कुणीतरी म्हणालं, ती नथ लाभत नाही. कोण म्हणालं ते कुणालाच आठवत नाही, पण म्हणालं. आजीला दुसरी नथ केली. आईला तिसरी. पणजीची नथ पेटीतून कपाटात, कपाटातून बँकेच्या लॉकरमध्ये, प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत, कोरड्या लोखंडी खणात. दर काही वर्षांनी लॉकर उघडला की आई ती हातात घ्यायची, मोत्यांना बोट लावायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. मोडायला कुणाचा जीव धजत नव्हता, घालायलाही नाही. त्या चिरेचा दोष मी कोरड्या हवेला देते. शास्त्राप्रमाणे तो तिचाच आहे. पण त्या दिवशी भिंगातून बघताना माझ्या मनात हवा नव्हती.

काका उठून चहा सांगायला गेले तेव्हा मी दोन्ही दागिने शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. मोती अंगावर घातले की जगतात, पेटीत मरतात, असं सगळे म्हणतात. आजीही म्हणायची. सांगणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ते सांगताना एक प्रकारचं समाधान असतं, ते मला कधी पटलेलं नाही. अर्धंच खरं आहे ते. पेटीत मोती सुकतो, चिरतो, पिवळा पडतो, कबूल. पण गळ्यातही तो झिजतच असतो. आजी एवढी जपायची, तरी तिच्याच मानेनं तो तन्मणी खाल्ला. आजीच्या आईच्या मानेनं खाल्ला, आमच्या आईच्या मानेनं खाल्ला. पुसण्या-टिपण्यानं तो वेग कमी होतो, इतकंच. सोन्याचं तसं नाही. सोनं आटवलं की पुन्हा पहिल्यासारखं, मागच्या बाईची खूण पुसून टाकतं. मोत्याला ते जमत नाही आणि त्याला तसं करायला लावणारं दंतमंजन वापरलं तर तो आंधळा होतो. तेव्हा मोती कायमचा राखायचा हा प्रश्नच नाही. तो जाणार. कपाटात जाऊ द्यायचा की मानेवर, एवढंच आपल्या हातात असतं. पणजीच्या हातात तेवढंही नव्हतं.

काका परत आल्यावर व्यवहाराचं बोलणं झालं. झिजलेले मोती काढून त्याजागी मापाचे कल्चर मोती घालू का, असं त्यांनी विचारलं. दिसायला सर एकसारखा होईल. मी नको म्हटलं. ते खूश झाले की नाराज, कळलं नाही. फक्त टोकांकडचे मोती जरा फिरवून ओवतो म्हणाले, सपाट बाजू बाहेर, म्हणजे पुढची झीज दुसऱ्या अंगानं होईल. हे मला फार आवडलं. दोरा रेशमाचाच, आणि रोज घालणार असाल तर वर्षा-दोन वर्षांनी गाठवून न्या, तुटायची वाट बघू नका. मळलाच फार तर कोमट पाण्यात लहान बाळाच्या शाम्पूचा थेंब, त्यात फडक्याचं टोक, बस्स. दागिना पाण्यात बुडवायचा नाही, भोकांतून पाणी आत जातं आणि दोरा कुजतो. मी मान डोलावत होते. आजीचा पाठ पुन्हा ऐकत होते, फक्त यात शाम्पू नवा होता.

तन्मणी भाचीकडे गेला. सोबत मी मलमलीची पिशवी शिवून दिली आणि फोनवर नियमांची लांबलचक यादी पाठवली. तिनं अंगठा पाठवला. मला वाटलं, आता हा पुन्हा कुणाच्या तरी मुंजीलाच दिसणार. तर मध्यंतरी तिचा फोटो आला. हिंजवडीतल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये बसलेली, पांढरा सुती शर्ट, वरचं बटण उघडं, त्यात तन्मणी. खाली लिहिलेलं, "परफ्यूम नाही मारला!!" फोटोत तिच्या ताटलीत लिंबाची फोडही होती, ती मला दिसली, पण मी काही बोलले नाही. आमच्या वहिनीला मात्र हा प्रकार रुचलेला नाही. तन्मणी नऊवारीवर घालायचा असतो, शर्टावर नाही, असं तिचं मत आहे आणि ते चुकीचंच आहे असं मी म्हणणार नाही. त्या शर्टाच्या कॉलरला सर घासत असणार. पण तन्मणी दर शुक्रवारी बाहेर पडतो आणि दर शुक्रवारी रात्री टिपला जातो. भाचीच्या हातून इतकं होईल असं मला वाटलं नव्हतं.

राहिली नथ. चिरेच्या मोत्याला काका हात लावायला तयार नाहीत. तार सैल केली की फुटेल म्हणतात, तसाच राहू दे. मी ती लॉकरमध्ये परत नेली नाही. मलमलीत गुंडाळून आईच्या कपाटात, तिच्या रोजच्या साड्यांच्या खणात ठेवली, निदान हवा तरी लागेल. आईला सांगितलं. तिला आता पंच्याहत्तरी जवळ आली. बाबा गेल्यावर तिनं तिची स्वतःची नथही सुनेला देऊन टाकली होती, कुणी मागितली नव्हती तरी. मध्यंतरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, २०२२ मध्ये, तेव्हा पेपर वाचून ती म्हणाली होती, "बरं केलं." पुढे काही नाही. मी वाट बघितली होती, पण पुढे काही नाही.

परवा भाचीच्या सासरचं बोलावणं आलं, वर्षसण म्हणून. आई साड्या काढत होती. खणात हात घालून तिनं ती पुरचुंडी बाहेर काढली, उलगडली आणि म्हणाली, "माझं नाकाचं छिद्र बुजलंय. हिला चाप बसवून मिळेल का, विचार." वहिनी तिथेच होती. "आई, आत्ता या वयात?" असं तिच्या तोंडून निघून गेलं. आई म्हणाली, "नथीचं वय माझ्यापेक्षा जास्त आहे."

सोनार म्हणतो, चाप बसवायचा तर नथीचा मूळ आकडा कापावा लागेल. मी म्हणते कापू नये. पणजीच्या हातचा म्हणण्यासारखा तेवढाच एक भाग त्यात उरलाय, आणि आजकाल चुंबकाच्या चापाच्या नथी दीडशे रुपयांत मिळतात, एक दिवस तशी घातली तर काय बिघडलं? आईला हे मुळीच मान्य नाही. आकडा तिला तसाही पणजीपेक्षा पणजीच्या सासऱ्यांचा जास्त वाटतो, आणि तुझं मत मी विचारलेलं नाही, असं तिनं मला स्पष्ट सांगितलंय. बुधवारी सोनाराकडे जायचंय. भाऊ गाडी काढणार आहे आणि तो या वादात कुणाच्याच बाजूचा नाही.